घरभाड्याची थकबाकी व तिचे कागद

जुनें दप्तर चाळणारास जमा, वसूल व बाकी हे तीन शब्द पदोपदीं भेटतात. तिन्ही मूळचे अरबी. पण हिशेबाच्या वहिवाटीनें ते मराठींत असे रुळले कीं आतां ते परके वाटत नाहींत. त्यांपैकीं ‘बाकी’ हा शब्द वरवर पाहतां अगदीं सरळ दिसतो. देणें किती, पोंचलें किती आणि उरलें किती, एवढाच त्याचा अर्थ. परंतु हिशेबाचे कागद बारकाईनें वाचणारास हें ठाऊक असतें कीं, बाकीचा आंकडा स्वयंभू नसतो. देण्याच्या आंकड्यांतून वसूल वजा केल्यावर तो उरतो. आणि देण्याचा आंकडा कोणीं, कोणत्या अधिकारानें व कोणत्या कागदावर मांडला, यावरच बहुधा खरा तंटा असतो. जमीनमहसुलाच्या कागदांस ही कसोटी आपण नेहमीं लावतों. शहरांतील घरभाड्याच्या थकबाकीस ती लावून पाहिली तर काय दिसतें, तें या लेखांत थोडक्यांत मांडावयाचें आहे.

याकरितां आरंभ स्कॉटलंडांतील ग्लासगो शहरापासून करणें प्राप्त आहे. भाड्यावर सरकारी मर्यादा घालणारा जो कायदा १९१८ सालीं मुंबईस आला, त्याचा ब्रिटनमधील पूर्वज १९१५ चा कायदा होय. आणि तो होण्यास ग्लासगोमधील थकबाकीचे तंटे मोठ्या अंशानें कारणीभूत झाले.

पहिल्या महायुद्धाच्या काळांत ग्लासगो हें जहाजबांधणीचें व युद्धसामग्रीचें मोठें केंद्र होतें. कामाकरितां बाहेरून मजूर येऊं लागले. नवीं घरें बांधण्याचें काम मात्र जवळजवळ थांबलें होतें. दगडी, चाळवजा इमारतींतून एक किंवा दोन खोल्यांत सबंध कुटुंबें राहत. मालक स्वतः क्वचितच दृष्टीस पडे. भाडें ठरविणें, वसूल करणें व थकल्यास फिर्याद करणें हीं सर्व कामें त्याचा कारभारी करी. तेथें त्यास ‘फॅक्टर’ म्हणत. भाडें थकल्यास भाडेकऱ्याच्या सामानसुमानावर मालकाचा तारणहक्क स्कॉटलंडच्या कायद्यानें मानलेला होता. अशा स्थितींत १९१५ सालीं भाडेवाढीच्या नोटिसा निघाल्या. घरचा कर्ता पुरुष आघाडीवर आणि बायको मुलांसह खोलींत, अशीं कित्येक कुटुंबें त्या वाढीच्या कचाट्यांत सांपडलीं.

या वाढीस विरोध करण्याचें काम मुख्यत्वें स्त्रियांनीं केलें. ग्लासगो विमेन्स हाउसिंग असोसिएशन ही संस्था त्याकरितां पुढें आली. गोव्हन भागांतील मेरी बार्बर या तिच्या कार्यकर्त्यांत अग्रगण्य होत्या. जिन्याजिन्यांतून व परसांतून सभा होत. कोर्टाचा बेलिफ घर खालीं करून घेण्यास आला म्हणजे घंटा वाजे आणि शेजारणी दाटी करून त्याची वाट अडवीत. येथें संशोधकानें एक गोष्ट नीट लक्षांत घ्यावी. या स्त्रियांनीं भाडें देण्याचेंच नाकारलें, असें मोघम म्हणणें बरोबर नाहीं. जुनें भाडें आम्ही देतों, वाढ देणार नाहीं, असें त्यांचें म्हणणें होतें. कारभाऱ्याच्या वहींत ती वाढ थकबाकी म्हणून चढे. भाडेकरणीच्या हिशेबीं ती मुळीं देणेंच नव्हती. एकाच खोलीच्या दोन हिशेबांत निरनिराळी बाकी निघण्याचें कारण वसुलांत नव्हतें, देण्याच्या आंकड्यांत होतें.

नोव्हेंबरपर्यंत सुमारें वीस हजार भाडेकरी या चळवळींत सामील झाले. बळानें घरें खालीं करून घेण्याचे प्रयत्न फसूं लागले, तेव्हां दुसरा मार्ग काढण्यांत आला. थकबाकीची फिर्याद लहान दाव्यांच्या कोर्टांत करावयाची, आणि हुकूमनामा मिळवून ती रक्कम मजुराच्या पगारांतून परभारें वळती करून घ्यावयाची. १७ नोव्हेंबर १९१५ रोजीं अशा अठरा भाडेकऱ्यांचे दावे कोर्टापुढें होते. त्या दिवशीं कारखान्यांतील हजारों मजूर काम सोडून स्त्रियांच्या मोर्च्यास मिळाले. युद्धसामग्रीचें काम थांबणें सरकारास परवडणारें नव्हतें. दावे मागें पडले. आणि सुमारें पांच आठवड्यांनीं, २३ डिसेंबर १९१५ रोजीं, भाडें व गहाणावरील व्याज यांच्या वाढीस युद्धकाळापुरती बंदी करणाऱ्या कायद्यास राजसंमति मिळाली. ठराविक मूल्यापर्यंतच्या लहान घरांचें भाडें ऑगस्ट १९१४ च्या आंकड्यावर बांधलें गेलें. मालक पुष्कळदां स्वतःच कर्जदार असे, म्हणून त्याच्या गहाणाचें व्याजहि त्याच कायद्यानें वाढूं दिलें नाहीं, हें त्या कायदेकर्त्यांच्या न्यायबुद्धीस धरूनच झालें. देण्याचा आंकडा लिहिण्याची लेखणी कारभाऱ्याच्या हातून कायद्याच्या हातीं गेली ती येथें.

परंतु कायद्यानें आंकडा बांधला म्हणून कागदाचें महत्त्व कमी झालें नाहीं, उलट वाढलें. १९२० च्या कायद्यानें, दुरुस्तीची जबाबदारी वाहणाऱ्या मालकास जुन्या भाड्यावर एकंदर शेंकडा ४० पर्यंत वाढ करण्याची मुभा दिली. मात्र तीकरितां विहित नमुन्याची लेखी नोटीस आवश्यक केली. मालकांनीं नोटिसा पाठविल्या. ग्लासगोनजीकच्या क्लाइडबँक येथें भाडेकऱ्यांनीं ही वाढ देण्याचें नाकारलें व तो तंटा कित्येक वर्षें चालला. त्याच तंट्याच्या ओघांत ‘केर विरुद्ध ब्राइड’ हा दावा हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला. नोव्हेंबर १९२२ मध्यें त्याचा निकाल असा झाला कीं, चालू भाडेकरार संपविण्याची नोटीस दिल्यावांचून नुसती वाढीची नोटीस परिणामकारक होत नाहीं. हा दोष असंख्य नोटिसांत होता. ज्या भाडेकऱ्यांस कालपर्यंत थकबाकीदार म्हणत होते त्यांची थकबाकी नाहींशी झाली. ज्यांनीं निमूटपणें वाढ भरली होती ते ती परत मागूं लागले. ऋणको धनको झाला. १९२३ सालीं पार्लमेंटानें निराळा कायदा करून त्या सदोष नोटिसा मागाहून ग्राह्य धरल्या, तेव्हां पारडें पुन्हां फिरलें. या अवधींत प्रत्यक्ष किती पैसा हातांतून हातांत गेला, यांत कांहींच फरक पडला नव्हता. एका कागदाचा अर्थ तेवढा दोनदां बदलला.

आतां मुंबईकडे वळूं. युद्धकाळांतील पहिला भाडेनियंत्रणाचा कायदा तेथें १९१८ सालीं झाला. गिरण्या, चाळी, एकेका खोलींत अनेक माणसें आणि मागणीच्या मानानें थोड्या जागा, ही स्थिति ग्लासगोहून फार निराळी नव्हती. पुढें १९३९ व १९४४ चे कायदे होऊन अखेर १९४७ चा सत्तावन्नावा कायदा आला, आणि तो अर्धशतकाहून अधिक काळ टिकला. त्यांतील ‘प्रमाण भाडें’ ही कल्पना १ सप्टेंबर १९४० या तारखेशीं जोडलेली होती. त्या दिवशीं जागा ज्या भाड्यानें दिलेली असेल, तें सामान्यतः प्रमाण.

या कायद्याचें बारावें कलम म्हणजे थकबाकीच्या तंट्यांचें मूळ पीठ होय. भाडेकरी प्रमाण भाडें व कायद्यानें मान्य केलेली वाढ देत असेल, किंवा देण्यास तयार व राजी असेल, तोंवर मालकास ताबा मिळत नसे. थकबाकीकरितां ताबा मागावयाचा तर प्रथम लेखी नोटीस देऊन एक महिना वाट पाहणें भाग होतें. त्यानंतरहि त्या कलमाचें कडक पोटकलम लागू होण्यास चार गोष्टी एकत्र याव्या लागत. भाडें दरमहा देय असावें. प्रमाण भाड्याच्या रकमेविषयीं वाद नसावा. थकबाकी सहा महिन्यांची किंवा अधिक असावी. आणि नोटीस मिळाल्यावर महिन्याभरांत ती भरलेली नसावी. यांतील एकहि गोष्ट उणी असली, तर दाव्याच्या पहिल्या तारखेस किंवा कोर्ट नेमून देईल त्या तारखेस रक्कम भरून, व पुढें नियमितपणें भरीत राहून, भाडेकऱ्यास आपलें घर राखतां येई.

या चार अटींपैकीं दुसरी विशेष लक्षणीय आहे. थकबाकी आहे कीं नाहीं हें विचारण्यापूर्वीं कायदा विचारी कीं, देण्याचा आंकडा उभयपक्षीं मान्य आहे काय? म्हणजे ग्लासगोच्या स्त्रिया जिन्यांत उभ्या राहून जो प्रश्न करीत होत्या, तोच येथें कलमाच्या भाषेंत उतरला. पहिल्या अटीनेंहि कमी वाद माजविला नाहीं. भाड्याबरोबर भाडेकऱ्यानें भरावयाचा कर जर वर्षांतून एकदां देय असेल, तर सबंध भाडें ‘दरमहा देय’ म्हणावें कीं नाहीं, यावर खटले सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. ‘दरमहा’ या एका शब्दावर कुटुंबाचें घर राहणें किंवा जाणें अवलंबून होतें.

अशा व्यवस्थेंत भाडेपावतीस केवढें मोल येतें, हें वाचकांच्या ध्यानीं आलेंच असेल. १९४७ च्या कायद्यानें मालकास पावती देणें बंधनकारक केलें होतें व न दिल्यास दंड ठेविला होता. तरीहि पावती न देणें, हा भाडेकऱ्यास थकबाकीदार ठरविण्याचा सोपा मार्ग असे. त्यावर भाडेकरी मनिऑर्डरीनें भाडें पाठवी. मालकानें ती घेतली नाहीं तर ‘घेण्यास नकार’ असा टपालखात्याचा शेरा होऊन ती परत येई, आणि तो परत आलेला कागदच ‘देण्यास तयार व राजी’ असल्याचा पुरावा होई. न पोंचलेल्या पैशाचा कागद पोंचलेल्या पैशाच्या पावतीइतकाच कामास येई, हें या कागदांचें वैशिष्ट्य होय.

मनिऑर्डरीवरील दोन ओळींचा मजकूरहि उपेक्षणीय नाहीं. १८७२ च्या कराराच्या कायद्याप्रमाणें, अनेक देणीं असतां ऋणकोनें रक्कम कोणत्या देण्यापोटीं दिली हें सांगितलें, तर ती स्वीकारणाऱ्या धनकोस ती त्याच देण्यास लावावी लागते. ऋणकोनें सांगितलें नाहीं व परिस्थितीवरूनहि तें दिसलें नाहीं, तर धनको आपल्या मर्जीप्रमाणें लावूं शकतो. आणि दोघांनींहि न लावल्यास ती कालक्रमानें जुन्या देण्यास लागते. म्हणून ‘अमुक महिन्याचें भाडें’ हे शब्द लिहिले कीं नाहींत, यावरून चालू महिना चुकता झाला कीं चार वर्षांपूर्वींची जुनी बाकी फिटली, हें ठरे. मालकाच्या बाजूच्या पावत्यांतहि अशीच सावधगिरी दिसते. घर सोडण्याची नोटीस दिल्यावर मालकानें ‘भाडें’ म्हणून पैसे घेतले, तर नोटीस सोडून दिली असा अर्थ होण्याचें भय असे. कारण १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्यांत तसें कलम आहे. यास्तव पावतीवर ‘भाड्यापोटीं’ ऐवजीं ‘जागेच्या वापराबद्दल भरपाई’ किंवा ‘हक्क राखून’ असे शब्द घालीत. असे शब्द ज्या महिन्यापासून दिसूं लागतात, त्या महिन्याच्या आधीं नोटीस गेली असावी, असें अनुमान करण्यास हरकत नाहीं. नोटीस स्वतः हरवली असली तरी पावती तिची साक्ष देते.

मालकाचें गाऱ्हाणेंहि येथें नोंदविलें पाहिजे. एकाच पक्षाचे कागद वाचून निकाल देणें हें संशोधकास शोभत नाहीं. १९४० चा आंकडा हा १९४० सालीं अन्याय्य नसेल. परंतु दुरुस्तीचा खर्च वाढत गेला आणि भाडें तेथेंच राहिलें, तेव्हां पुष्कळ इमारतींचें उत्पन्न त्यांच्या डागडुजीसहि पुरेना. १९९७ च्या डिसेंबरांत सर्वोच्च न्यायालयानें मालपे विश्वनाथ आचार्य यांच्या प्रकरणांत, भाडें असें कायमचें गोठवून ठेवणें कालांतरानें अवाजवी झालें असल्याचें मत दिलें. त्यानंतर महाराष्ट्राचा १९९९ चा कायदा होऊन तो ३१ मार्च २००० पासून अंमलांत आला. त्यानें दरसाल शेंकडा ४ वाढीस वाव दिला. थकबाकीच्या नोटिसीनंतर नव्वद दिवसांची मुदत ठेविली. आणि दावा झाल्यावरहि समन्स पोंचल्यापासून नव्वद दिवसांत थकबाकी शेंकडा १५ साध्या व्याजासह व खर्चासह भरल्यास घर वांचविण्याची सोय केली. लेखणी कायद्याच्याच हातीं राहिली. आंकडा तेवढा हलूं लागला.

ब्रिटननें मात्र पुढें निराळी वाट धरली. भाडें बांधून ठेवण्याऐवजीं तें भरण्यास भाडेकऱ्यास सरकारनें मदत करावी, हें धोरण तेथें हळूहळू वाढलें. नगरसंस्थांच्या घरांतील भाडेकऱ्यांस सूट देण्याची मुभा १९३० च्या कायद्यानें दिली होती. १९७२ च्या कायद्यानें अशी सूट, व खासगी घरांतील भाडेकऱ्यांकरितां भत्ता, यांची योजना स्थानिक संस्थांवर बंधनकारक केली. १९८२ च्या कायद्यानें या सर्वांस ‘हाउसिंग बेनिफिट’ असें रूप देऊन अंमलबजावणी स्थानिक कौन्सिलांकडे ठेविली. पुढें १९८८ च्या कायद्यानें इंग्लंड व वेल्समधील नव्या खासगी भाडेकरारांवरील जुनी मर्यादा काढून टाकली. देण्याचा आंकडा पुन्हां कराराकडे गेला, आणि पुष्कळ घरीं तो पूर्णतः किंवा अंशतः भरणारा तिसराच पक्ष झाला.

येथें थकबाकीस एक नवें कारण उत्पन्न झालें. भाडेकऱ्यानें अर्ज वेळेवर केला, मालकानें जागा दिली, आणि कचेरींत अर्ज पडून राहिला, तर दोघांचाहि दोष नसतां बाकी चढूं लागते. १९८८ च्या कायद्यांतील आठव्या आधारान्वयें, ठराविक थकबाकी नोटिसीच्या दिवशीं व सुनावणीच्या दिवशींहि असल्याचें सिद्ध झाल्यास कोर्टास ताबा द्यावाच लागे. मासिक भाड्याकरितां ही मर्यादा आरंभीं तीन महिन्यांची होती. १९९६ च्या कायद्यानें ती दोन महिन्यांवर आणली. मदत देणाऱ्या कचेरीच्या गैरकारभारामुळें ही बाकी झाली असल्यास सुनावणी पुढें ढकलावी काय, हा प्रश्न डिसेंबर २००४ मध्यें तेथील अपील न्यायालयापुढें आला. न्यायालयानें असें ठरविलें कीं, कचेरीचा गैरकारभार हें तेवढ्यानें अपवादात्मक कारण होत नाहीं. सबब त्याकरितां सुनावणी लांबवितां येणार नाहीं. आंकडा दोन महिन्यांचा भरला, एवढें पुरे होतें. तो कोणामुळें भरला, हें विचारण्यास कायद्यानें जागा ठेविली नव्हती.

१९२२ व २००४ हे दोन निकाल शेजारीं ठेवून पाहण्यासारखे आहेत. पहिल्यांत कागद मालकाचा सदोष होता, आणि त्याचें फळ मालकानें भोगिलें. दुसऱ्यांत दिरंगाई कचेरीची होती, आणि तिचें फळ भाडेकऱ्याच्या पदरीं आलें. पहिल्या ठिकाणीं न्यायालयानें देण्याचा आंकडा मुळापासून तपासला. दुसऱ्या ठिकाणीं तो गृहीत धरून केवळ बाकी मोजली. थकबाकीच्या सर्व कायद्यांचा भेद अखेर या एका गोष्टींत सांपडतो: चूक ज्याची, भार त्याचा, हें तत्त्व पाळलें गेलें कीं नाहीं. २०१३ पासून ‘युनिव्हर्सल क्रेडिट’ ही नवी मदत आली. तींतहि पहिल्या रकमेस आठवड्यांचा विलंब लागे. इंग्लंडच्या २०२५ च्या भाडेकऱ्यांच्या हक्कांविषयींच्या कायद्यानें आठव्या आधाराची मर्यादा पुन्हां तीन महिन्यांवर नेली, आणि मंजूर झालेली ही मदत हातीं न आल्यामुळेंच जी रक्कम थकली असेल ती या मोजणींतून वगळण्यास सांगितलें. विचारण्यास जी जागा नव्हती ती अशा रीतीनें, एकवीस वर्षांनीं कां होईना, कायद्यांत करावी लागली.

आतां संग्राहकांस दोन शब्द. ताम्रपट, सनदा व महजर यांचा संग्रह आपण जिवापाड करतों, आणि तें योग्यच आहे. पण चाळींतील एखादें बिऱ्हाड मोडतें तेव्हां पत्र्याच्या पेटींतून निघणाऱ्या भाडेपावत्यांचा गठ्ठा रद्दीवाल्याकडे जातो. त्या गठ्ठ्यांत शहराच्या एका शतकाचा इतिहास असतो. वर लिहिलेल्या विवेचनावरून अशा कागदांच्या वाचनाचीं कांहीं प्रमाणें निघतात. पावतीवरील नांव हयात माणसाचें कीं आजोबांचें, हें पहावें. पुष्कळ घरीं वारस राहत असतां पावती मृताच्याच नांवें निघत राही. रक्कम कोणत्या शब्दाखालीं घेतली आहे, ‘भाडें’ कीं ‘भरपाई’, तें टिपावें. कर निराळा दाखविला असल्यास तो दरमहा कीं वार्षिक, हें लिहून ठेवावें. पावत्यांच्या मालिकेंत जेथें खंड पडतो, तेथें भाडें दिलें नाहीं असें एकदम समजूं नये. परत आलेली मनिऑर्डर, नोटिसीची प्रत किंवा कोर्टांत पैसे भरल्याचा दाखला शेजारच्या पुडक्यांत आहे काय, हें आधीं शोधावें. आणि शक्य असेल तेथें मालकाची वही व भाडेकऱ्याचा गठ्ठा एकत्र ठेवावे. कारण एकट्यावरून बाकी कळते, पण ती खरोखर देणें होती काय, हें दोन्ही मिळूनच कळतें.

हे कागद ज्यांचे होते तीं माणसें गरीब होतीं, म्हणून त्यांचें दप्तर कोणी बांधलें नाहीं. तें बांधून ठेवणें आपणांस अवघड नाहीं.